तळपायावरची टिचकी

रविवारी सकाळी डॉक्टरांनी शाळेत बसावं, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस फॅमिली डॉक्टर नसणार, याबद्दल मला आजही शंका नाही. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात, माझा दवाखाना नुकताच कुठे चालायला लागला होता. गिरगावातून इकडे राहायला आलो तेव्हा नातेवाइकांनी ‘एवढ्या लांब पेशंट तरी असतात का’ असं विचारलं होतं. असायचे, भरपूर असायचे, आणि रविवारी तर जास्तच, कारण एरवी त्यांना ऑफिसातून आजारी पडायलाही सुट्टी मिळायची नाही. नेमक्या त्याच रविवारी मेडिकल कौन्सिलने आम्हाला अभ्यासाला बसवलं. डॉक्टरकीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची आणि त्यासाठी व्याख्यानांना बसून क्रेडिट पॉइंट जमवायचे, असा नियम आला. पॉइंट कमी पडले तर नोंदणी अडकणार, पाटी उतरवावी लागणार, असं सांगून आम्ही एकमेकांना घाबरवायचो.

आमच्या डॉक्टरांच्या संघटनेची परिषद भाईंदर पश्चिमेला एका लग्नाच्या हॉलमध्ये भरायची. सकाळी आम्ही पोचायचो तेव्हा आदल्या दिवशीचं लग्न पुरतं उतरवलेलं नसायचं. एकदा मूत्रपिंडाच्या विकारांवरचं व्याख्यान थर्माकोलच्या भल्यामोठ्या बदामाखाली झालं. बदामाच्या डावीकडे नवऱ्याचं नाव शाबूत होतं, उजवीकडचं नवरीचं गळून पडलं होतं. वक्ते बरोबर त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले आणि दोन्ही मूत्रपिंडांबद्दल अतिशय गंभीरपणे बोलू लागले. आमच्या रांगेतल्या कोणालाही त्या दिवशीचं काही आठवत नाही.

शहरातून येणारे वक्ते बोलायचे फार सुंदर. शेवट मात्र सगळ्यांचा एकच असायचा: असा पेशंट दिसला की वेळ न दवडता पुढे पाठवा. पुढे म्हणजे त्यांच्याकडे, हे कोणी बोलून दाखवत नसे. हे वाक्य व्याख्यानात कधी येणार यावर आमच्या रांगेत चहाची पैज लागायची. माझ्या शेजारी नेहमी लहान मुलांचा एक डॉक्टर बसायचा, माझ्याच वयाचा, घरात गुजराती आणि बाहेर मिळेल ती भाषा बोलणारा. पैज तोच जिंकायचा. ‘बेन, वक्त्याने घड्याळ बघितलं ने, की आता आलंच समज,’ असं म्हणायचा, आणि यायचंच.

बाकीच्यांनी यावर सोपा उपाय काढला होता. आल्यावर सही करायची, परिषदेची बॅग घ्यायची, उपमा खायचा, आणि स्लाइडसाठी दिवे घालवले की मागच्या दाराने आपापल्या दवाखान्यात निघून जायचं. जेवणाच्या वेळी सगळे परत हजर. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं. मग संघटनेचा सेक्रेटरी बदलला. नवा सेक्रेटरी हाडांचा डॉक्टर, तरुण, कामसू आणि शिस्तीचा भोक्ता. त्याने मागच्या दाराशी खुर्ची टाकून स्वतः ठाण मांडलं. शिवाय दिवे गेले की हातात बारीक टॉर्च घेऊन तो रांगांमधून फिरायचा, थिएटरातल्या डोअरकीपरसारखा. झोपला तो गैरहजर, असं त्याने माइकवरून जाहीर केलं. ते ऐकताच पहिल्या दोन रांगांमध्ये बसलेली मंडळी ताठ झाली.

या नियमाने खरी पंचाईत झाली ती डॉक्टरकाकांची.

काकांचा दवाखाना पश्चिमेच्या मोरवा गावात, म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. बाहेर ओट्यावर बाक, आत टेबल, एक स्टूल आणि पडद्यामागे तपासायची खाट. मोरव्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी सुई टोचलेली होती आणि उरलेल्यांच्या आईबापांना. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, आम्ही डॉक्टरसुद्धा. परिषदेच्या बॅगा ते पेशंटना वाटून टाकत. त्यामुळे मोरव्याच्या बाजूला गेलं की ‘हृदयविकार: नवे प्रवाह’ असं छापलेल्या बॅगेतून बोंबील बाहेर डोकावताना दिसायचे. मासेवाली मला एकदा म्हणाली होती की या बॅगांची शिवण लई चांगली, पाणी गळत न्हाय.

माझ्यावर त्यांचं ऋण होतं. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखाना बंद ठेवावा लागणार होता, आणि नव्या जागेतला दवाखाना बंद ठेवला की पेशंट समोरच्याकडे जातात आणि तिकडेच राहतात. काका रोज संध्याकाळी स्वतःचं काम आटोपून पूर्वेला यायचे आणि माझ्या खुर्चीत बसायचे. येईल त्या पेशंटला सांगायचे, ‘मी नुसता राखणदार आहे हो, खऱ्या डॉक्टर बाळाला घेऊन येतायत.’ मी परत आले तेव्हा एकही पेशंट हललेला नव्हता. उलट काहीजण काका कुठे गेले म्हणून नाराज होते.

तर एका परिषदेत चहाच्या वेळी सेक्रेटरी आम्हाला म्हणाला, ‘मोरव्याच्या काकांचं अवघड आहे. नूतनीकरण जवळ आलंय आणि पॉइंट भरतच नाहीयेत. अशाने प्रॅक्टिस बंद करावी लागेल त्यांना.’ तो हे दुष्टपणे म्हणाला नव्हता, त्यालाही वाईटच वाटत होतं. फक्त टॉर्च खाली ठेवायची त्याची तयारी नव्हती.

मोरव्यातला तो बाक रिकामा पडलाय, पाटी काढलेल्या जागी भिंतीवर चौकोन उरलाय, असं काहीबाही माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी आणि मुलांच्या डॉक्टरने तिथल्या तिथे ठरवलं की काही झालं तरी काकांचे पॉइंट भरून द्यायचे. यात काकांना काय वाटतं ते विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. दोघांनाही उत्साह फार होता.

पहिल्याच रविवारी काका आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, ‘अगं, आज रविवार आहे हे लक्षातच नाही.’ पुढच्या परिषदेला मी रिक्षा घेऊन थेट मोरव्यात गेले. काका ओट्यावर बनियनमध्ये बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला, पण मुकाट्याने आत जाऊन शर्ट चढवून आले. काकूंनी दारातून माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं त्यांना रिक्षाचा खर्च आवडला नसावा.

त्या दिवशी हॉलवर पोचल्यावर मी बॅगा घ्यायला रांगेत उभी राहिले आणि वळून बघते तर काका नाहीत. मागच्या दारापाशी नाहीत, उपम्यापाशी नाहीत. शेवटी मुलांच्या डॉक्टरने त्यांना शोधून काढलं. त्याच इमारतीत वरच्या हॉलमध्ये कोणाचातरी साखरपुडा होता. काका तिथे मुलीकडच्यांच्या रांगेत बसून पेढा खात होते आणि शेजारच्या आजीबाईंच्या गुडघ्यांबद्दल चौकशी करत होते. ‘मला वाटलं हीच परिषद,’ ते म्हणाले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकांचं वय झालंय, विसरायला लागलेत, असा आमच्या दोघांचा सहा-सहा वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणातून निघालेला निष्कर्ष होता. त्यामुळे आमची माया आणखीच वाढली.

पुढचा अडथळा झोपेचा. दिवे गेले की काका झोपायचे आणि नुसते झोपायचे नाहीत, घोरायचे. तेही साधंसुधं नाही. आधी बारीक शिट्टी, मग दम घेतल्यासारखी शांतता, आणि मग सेक्रेटरीची टॉर्च आमच्या रांगेपाशी आली की मोठा घरघराट. वक्ता थांबायचा, लोक माना वळवायचे. टॉर्चचा ठिपका काकांच्या चेहऱ्यावर पडायचा आणि त्यांच्या नावापुढे फुली पडायची. मी पिपरमिंटच्या गोळ्या आणल्या. काकांनी त्या खिशात टाकल्या, पेशंटच्या पोरांसाठी. मी पेनाने टोचून बघितलं. ते कूस बदलून मुलांच्या डॉक्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरू लागले.

कधी फुली, कधी बरोबरची खूण, असं करत करत नूतनीकरणाआधीची शेवटची परिषद आली. तिचे पॉइंट मिळाले तर काकांचं भागत होतं, नाहीतर संपलं. मी सकाळीच त्यांना घरून उचललं, दोघांच्या मधल्या खुर्चीत बसवलं, चहा पाजला, वरून कॉफी पाजली. पहिली दोन व्याख्यानं कशीबशी निभावली. तिसरं व्याख्यान जेवणानंतरचं, विषय थायरॉइड, आणि हॉलमध्ये एसी. मी स्वतःच जांभया देत होते. काकांनी चपला काढल्या, पाय लांब केले, आणि शिट्टी सुरू झाली. पलीकडच्या रांगेत टॉर्च हलताना दिसली.

‘बेन, आता माझं शास्त्र वापरू काय?’ मुलांचा डॉक्टर कुजबुजला. मला काही कळायच्या आत तो खुर्चीवरून खाली वाकला. जन्मलेलं बाळ लगेच रडलं नाही तर त्याच्या तळपायावर टिचकी मारतात. डॉक्टर झाल्यापासून त्याने हेच केलेलं. त्याने काकांच्या उघड्या तळपायावर बाळाला मारतात तशीच, नेमकी आणि सणसणीत टिचकी मारली.

काका ताडकन उभे राहिले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘पुढचा पेशंट पाठवा.’

टॉर्चचा उजेड काकांच्या तोंडावर. वक्ते क्षणभर गांगरले, मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘अगदी बरोबर,’ ते म्हणाले. ‘सरांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं. असा पेशंट वेळ न दवडता पुढे पाठवायला हवा. सर, तुमच्यासारख्या अनुभवी डॉक्टरांनी हे सांगणं महत्त्वाचं आहे.’ टाळ्या झाल्या. सेक्रेटरीने टॉर्च विझवली आणि काकांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मुलांचा डॉक्टर खुर्चीखालून वर आला तो हसून रडकुंडीला आला होता. ती पैज मात्र कोणीच जिंकलं नाही, कारण वाक्य आमच्याच रांगेतून आलं होतं.

समारोपाला सेक्रेटरीने काकांना मंचावर बोलावून शाल दिली. आमचे सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी, असं म्हणाला आणि प्रमाणपत्र हातात ठेवलं. सगळा हॉल उभा राहिला. मी तर टाळ्या वाजवून हात लाल केले. काका शाल सावरत माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरेत काय आहे ते मला कळेना. आनंद झालेला माणूस असा दिसत नाही, एवढं कळलं. भावना अनावर झाल्या असतील, असं मी ठरवून टाकलं.

मोरव्यात त्यांना सोडायला गेले तेव्हा काकू दारातच होत्या. त्यांनी आधी शालीकडे बघितलं, मग काकांकडे.

‘मिळालं?’

‘मिळालं,’ काका म्हणाले.

काकू आत वळल्या, आम्ही मागोमाग. आतल्या खोलीत पलंगावर मोठी बॅग उघडी होती, तिच्यात घड्या घातलेल्या साड्या आणि काकांचे स्वेटर. भाईंदरला स्वेटर कोणाला लागतो, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि तिथेच अडकला. काकू एकेक साडी बाहेर काढून कपाटात ठेवायला लागल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, ‘काकू, आज काकांनी धमाल केली. इतके घोरत होते, की टिचकी मारून उठवावं लागलं.’

काकूंचे हात थांबले. ‘घोरत होते? हे?’ त्यांनी काकांकडे बघितलं. ‘अगं, इतक्या वर्षांचा संसार झाला. झोपले की यांचा श्वास चालू आहे ना, हे मला नाकापाशी हात धरून बघावं लागतं. हे घोरत नाहीत कधी.’

मी काकांकडे बघितलं. काका शालीची घडी घालत होते. अतिशय मन लावून घालत होते.

मग सगळं एकामागून एक जागेवर बसलं. विसरलेले रविवार, साखरपुड्यातला पेढा, टॉर्च जवळ आली की वाढणारा घरघराट. मी पेशंटच्या स्टुलावर बसले.

‘नाशिकला लेकीकडे जायचं होतं गं,’ काका शेवटी म्हणाले. ‘दोन दिवस नाही, चांगलं राहायला. आजवर कितीदा जाऊन बघितलंय. दुसऱ्या दिवशी इथून निरोप येतोच, पोर तापलंय, म्हातारी पडलीय. की आम्ही परत. एकदा पाटी काढून ठेवली होती, तर लोक मागच्या दाराने आले.’

‘मग सांगायचं ना लोकांना, आता बंद करतोय म्हणून.’

‘मी कोणाला नाही म्हटलेलं पाहिलंयस? तू रिक्षा घेऊन दारात आलीस, तुला तरी म्हणता आलं का?’ काका हसले. ‘म्हटलं, वरूनच पाटी उतरवली तर बरं. काकाने टाकलं, असं कोणी म्हणणार नाही. चार शिव्या कौन्सिलला बसतील, त्यांना काय त्याचं. सगळं जमत आलं होतं. आणि त्या तुझ्या मित्राने टिचकी मारली.’

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि आतल्या खोलीत काकूंच्या साड्यांचा आवाज येत होता. त्या आवाजाने मला जास्त लागलं. इतक्या धडपडीने मी त्या बाईचं नाशिक पाच वर्षं पुढे ढकललं होतं आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या.

मी उठून आत गेले आणि काकूंच्या हातातली साडी काढून परत बॅगेत ठेवली. ‘तुम्ही निघा,’ म्हटलं. ‘मी बसते इथे. राखणदार म्हणून.’

काकूंनी वाद घातला नाही. त्या कपाटाकडे गेल्या आणि बाकीच्या साड्या काढून आणल्या.

अशी मी मोरव्याच्या दवाखान्यात लागले. सकाळी मोरवा, संध्याकाळी जेसल पार्क, मधे घर आणि पोर. मुलांचा डॉक्टर गुन्ह्यातला भागीदार म्हणून आठवड्यातून एकदा यायचा. पहिल्या दिवशी बाकावर सगळे माझ्याकडे टकामका बघत बसले होते.

‘काका न्हाय?’ एका आजीने विचारलं.

‘नाशिकला गेलेत.’

‘मंग आमी उद्या येतो.’

‘उद्याही नाहीत, आजी.’

आजीने विचार केला. ‘मंग तपासा तुमी. औषध मात्र काकांना फोन करून इचारा.’

मी विचारायचे. आजीसमोर फोन लावायचे, काका पलीकडून ‘ती देते तेच’ म्हणायचे, आणि मगच गोळी आजीच्या तोंडात जायची. काका-काकू नाशिकहून परत आले ते चांगले ताजेतवाने होऊन, आणि आले ते परत जायच्या तयारीनेच. जाणंयेणं वाढत गेलं. इथे असले की काका दवाखान्यात येऊन बसायचे, पण खुर्चीत नाही, खिडकीपाशी आरामखुर्ची टाकून. दुपार व्हायला आली की तिथेच त्यांचा डोळा लागायचा. अजिबात आवाज न करता. पेशंट आत आला की आधी तिकडे बघायचा, मग मला काय होतंय ते कुजबुजत सांगायचा. भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या बायकासुद्धा त्या खोलीत हळू बोलायच्या. मी मधूनच उठून त्यांच्या नाकापाशी हात धरून यायचे.

गंमत म्हणजे पॉइंटची गरज संपल्यावर काकांना परिषदांची गोडी लागली. आमंत्रणाची कार्डं ते आता जपून ठेवायचे. पुढच्या महिन्यात मधुमेह आहे, त्याच्या पुढच्या महिन्यात फुप्फुसं, असं मला बजावायचे आणि त्या रविवारी सकाळी स्वतःच रिक्षा घेऊन माझ्या बिल्डिंगखाली हजर. हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसायचे, डोळे टक्क उघडे, वक्त्याला एकेक प्रश्न असे विचारायचे की तो बिचारा घड्याळ बघायचंही विसरायचा. सेक्रेटरी त्यांचं उदाहरण सगळ्यांना द्यायचा.

अशाच एका रविवारी, जेवणानंतर, बहुतेक पुन्हा थायरॉइडच. दिवे गेले. आदल्या आठवड्यात दोन्ही दवाखान्यांत तापाची साथ होती आणि माझे पाय सुजले होते. मी सँडल काढल्या. शेजारी काका होते, स्लाइड बघत होते. एसीचा आवाज मला ऐकू येत होता एवढं आठवतं.

मग तळपायावर काहीतरी सणसणीत बसलं, आणि मी उभी राहून अख्ख्या हॉलला सांगत होते, ‘पुढचा पेशंट पाठवा.’

टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावर आला. वक्ता थांबला. मागच्या रांगेतून मुलांच्या डॉक्टरचं खिंकाळणं ऐकू आलं. त्या पहिल्या वेळी काकांच्या तोंडून निघालेलं वाक्य नाटकातलं होतं की खरं, हा प्रश्न मला इतके दिवस पडायचा. आता तो पडायचं कारण उरलं नाही; तळपायावर टिचकी बसली की डॉक्टरच्या तोंडून तेच निघतं. मी खाली बसले आणि अंधारात सँडल चाचपडू लागले.

काका समोर स्लाइडकडेच बघत होते. हात मांडीवर, चेहरा एकदम साळसूद.

‘खरंच झोपली होतीस,’ ते हळूच म्हणाले. ‘घोरत नव्हतीस.’